कमी पैशात जुनी मोटारगाडी घेताना

एके काळी दारात मोटार उभी असणे ही घर सधन असल्याची खूण समजली जात असे. आज तशी परिस्थिती राहिलेली नाही. वृद्ध आईवडिलांना दर आठवड्याला दवाखान्यात न्यावे लागते, बदलीच्या गावाहून परत यावयास संध्याकाळनंतर एस.टी. नसते, छोट्या धंद्याचे सामान रिक्षात मावत नाही, अशा अगदी साध्या गरजांसाठी आपल्यातील अनेक कुटुंबांना गाडी घ्यावीशी वाटते. नवी गाडी परवडत नाही आणि जुनी घ्यावी तर फसण्याची भीती वाटते. ही भीती अनाठायी नाही. हा पैसा बहुधा भविष्य निर्वाह निधीतून काढलेला किंवा पतपेढीतून उचललेला असतो. तो एकदा बुडाला की पुन्हा उभा करावयास वर्षे जातात. म्हणून आपल्या सभासदांना आणि नुकतीच नोकरी लागलेल्या विद्यार्थी मित्रांना उपयोगी पडेल अशी काही माहिती येथे देत आहे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जुन्या गाडीत बुडणारा पैसा सहसा गाडीच्या किमतीत बुडत नाही. तो नंतरच्या दुरुस्तीत आणि अपुऱ्या कागदपत्रांत बुडतो. त्यामुळे जवळ असतील तेवढ्या सर्व पैशांची गाडी कधीही घेऊ नये. समजा, आपल्याजवळ एकंदर २ लाख रुपये आहेत. तर गाडी दीड लाखापर्यंतचीच पाहावी आणि ५० हजार बाजूला ठेवावेत. हा आकडा फार मोठा वाटेल, पण हिशेब करून पाहा. चारही टायर बदलावे लागले तर लहान गाडीलासुद्धा साधारण १० ते १५ हजार रुपये लागतात. बॅटरी, क्लच प्लेट, ब्रेकचे काम, टायमिंग बेल्ट, इंजिन ऑइल यांचे काही ना काही पहिल्या सहा महिन्यांत निघतेच. नाव बदलावयाचा खर्च वेगळा. विम्याचे म्हणाल तर कायद्याने सक्तीचा असलेला तृतीय पक्ष विमा जून २०२२ च्या दरांनुसार १००० सी.सी. पर्यंतच्या खाजगी गाडीस २,०९४ रुपये आणि त्यावरील १५०० सी.सी. पर्यंतच्या गाडीस ३,४१६ रुपये असा ठरला. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा काढल्यास रक्कम आणखी वाढते.

महिन्याचा खर्चही आधीच मांडून पाहावा. महिन्याला ५०० किलोमीटर धावणारी आणि लिटरला १६ किलोमीटर देणारी गाडी ३१ लिटर पेट्रोल पिते. लिटरला १०० रुपये धरले तरी ३,१०० रुपये झाले. कर्जाचा हप्ता, विमा आणि दुरुस्तीसाठी दरमहा बाजूला टाकावयाचे हजार-दीड हजार रुपये यात आलेलेच नाहीत. ज्यांना महिन्यातून दोनदाच गाडी लागते त्यांनी ती भाड्याने घ्यावी, हेच माझे प्रामाणिक मत आहे. शेजाऱ्याच्या दारात गाडी उभी राहिली म्हणून आपल्याही दारात हवी, हा विचार आपल्या खिशाला परवडणारा नाही.

आता गाडी कोणती घ्यावी? कमी पैशात घ्यावयाची गाडी आपल्या गावातील साध्या गॅरेजात दुरुस्त होणारी आणि जिचे सुटे भाग सहज मिळतात अशी असावी. मुंबईत ऑपेरा हाऊसला किंवा पुण्यात नाना पेठेत सुट्या भागांची दुकानेच दुकाने आहेत, परंतु बीड किंवा गोंदियाच्या माणसाला दर वेळी तेथे जाता येणार नाही. या दृष्टीने मारुतीची अल्टो आणि वॅगन आर, तसेच ह्युंदाईची सँट्रो व आय-टेन या गाड्या पुष्कळ काळापासून लोकांच्या विश्वासाच्या आहेत. मारुती ८०० ही १९८३ मध्ये आली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. तिचा मोह अजूनही अनेकांना होतो, पण आता त्यातल्या बहुतेक गाड्या वयाने फार झालेल्या आहेत. अल्टो ८०० ऑक्टोबर २०१२ मध्ये आली व २०२३ मध्ये बंद झाली. कमी पैशात त्यातल्या त्यात अलीकडचे मॉडेल तीच मिळवून देते. इंजिनाबाबत एक बारकावा सांगतो. मारुतीच्या ७९६ सी.सी. च्या जुन्या इंजिनात टायमिंग बेल्ट असतो आणि तो ठराविक अंतरानंतर बदलावा लागतो. २०१० पासून अल्टो के-टेन आणि वॅगन आर मध्ये आलेल्या के-सिरीज इंजिनात बेल्टऐवजी साखळी आहे, त्यामुळे तो खर्च वाचतो.

कंपनीने भारतात विक्री बंद केलेल्या गाड्या बाजारात फार स्वस्त मिळतात. शेव्हरलेची विक्री २०१७ च्या अखेरीस थांबली, फियाटचे उत्पादन २०१९ मध्ये बंद झाले, फोर्डने २०२१ मध्ये येथील उत्पादन गुंडाळण्याचे जाहीर केले. या गाड्या वाईट होत्या असे नाही. त्यातल्या काहींचे लोखंड आणि रस्त्यावरची पकड आजही वाखाणली जाते. पण पहिलीच गाडी घेणाऱ्या, हात आखडता असलेल्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये. एखादा सुटा भाग मिळेपर्यंत गाडी महिनाभर गॅरेजात पडून राहते आणि आपण पुन्हा एस.टी. च्या रांगेत. डिझेल गाडीचेही तसेच आहे. रोजचे अंतर फार मोठे नसेल तर डिझेलवर वाचलेला पैसा इंजेक्टर आणि पंपाच्या एका दुरुस्तीत निघून जातो.

सी.एन.जी. ची गाडी इंधनाला स्वस्त पडते, मात्र दोन गोष्टी पाहिल्याशिवाय ती घेऊ नये. किटची नोंद आर.सी. बुकात असली पाहिजे, आणि टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची दाबाची चाचणी झाल्याचे प्रमाणपत्र मालकाजवळ असले पाहिजे. टाकीवरच तारखेची पट्टी असते. नोंद नसलेले किट असेल तर अपघातानंतर विम्याचा दावा अडचणीत येतो, आणि न तपासलेली टाकी म्हणजे मागच्या सीटवर बसलेल्या मुलांच्या पाठीमागे ठेवलेला धोका होय.

मुलांचा विषय निघाला म्हणून सांगतो. स्वस्त जुन्या गाडीत सुरक्षितता कमी असते, हे आपण उघड्या डोळ्यांनी स्वीकारावे लागते. चालकासाठी एअरबॅग १ जुलै २०१९ पासून सक्तीची झाली, पुढील प्रवाशासाठी ती २०२१ मध्ये झाली. ए.बी.एस. ब्रेक एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या गाड्यांना लागू झाले. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एन-कॅप या संस्थेने अल्टो ८००, आय-टेन, फिगो, पोलो आणि नॅनो यांची एअरबॅग नसलेली मॉडेल्स आदळून पाहिली, तेव्हा पाचही गाड्यांना एकही तारा मिळाला नव्हता. म्हणून दहा-वीस हजारांच्या फरकाने २०१९ नंतरची गाडी मिळत असेल तर तीच घ्यावी. चकचकीत अलॉय व्हील आणि पडदा असलेला म्युझिक सिस्टीम यांना त्यापुढे काही किंमत नाही.

यानंतर कागदपत्रे. गाडी पाहण्याच्याही आधी कागद पाहावेत, असा माझा आग्रह आहे. गाडीच्या क्रमांकावरून एम-परिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, मालकाचा क्रम, विम्याची मुदत आणि कर्जबोजा या गोष्टी कळतात. दंडाची थकीत चलने महाट्रॅफिक ॲपवर दिसतात. मालक तोंडाने ‘फर्स्ट ओनर’ म्हणतो आणि नोंदीत तिसरा मालक निघतो, असे नेहमी घडते. कर्जबोजा दिसत असेल तर बँकेचे कर्ज फिटल्याचे पत्र आणि नमुना ३५ वर बँकेची सही-शिक्का घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. कर्ज फिटले आहे पण बोजा उतरवावयाचा राहिला आहे, असे सांगणारे पुष्कळ भेटतात. ते खरेही असते. पण मग तो त्यांनीच उतरवून द्यावा.

खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांपर्यंत चालते आणि नंतर दर ५ वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या या नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. २० वर्षांवरील मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० करण्यात आले. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर भरावा लागतो आणि गाडी आर.टी.ओ. त नेऊन दाखवावी लागते. म्हणजे १४ वर्षांची गाडी ६० हजारांत मिळाली म्हणून आनंद मानणाऱ्याने पुढच्या वर्षाचा खर्च आजच किमतीत धरला पाहिजे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा क्रमांकपट्टी बसविली आहे की नाही, तेही पाहून घ्यावे.

परराज्यातील क्रमांकाची गाडी स्वस्त का असते, हे अनेकांना ठाऊक नसते. दिल्ली आणि परिसरात १० वर्षांवरील डिझेल व १५ वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४-१५ मध्ये बंदी घातली. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि २०२५ मध्ये त्यात काही सवलत दिली. त्या बंदीच्या धास्तीने तिकडच्या गाड्या मोठ्या संख्येने इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी आपल्या नावावर करावयाची तर तिकडच्या कार्यालयाचे नमुना २८ चे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि येथे गाडीच्या वयानुसार रस्ता कर भरून नवा क्रमांक घ्यावा लागतो. हे सारे धरले की स्वस्ताई बरीचशी आटते.

या लेखात सर्वांत महत्त्वाची म्हणून जी गोष्ट सांगावयाची आहे ती गाडी नावावर करून घेण्याची. बाजारात अशी रीत पडली आहे की मालक कोऱ्या टी.टी. फॉर्मवर, म्हणजे नमुना २९ आणि ३० वर, सह्या करून देतो आणि गाडी व कागद घेऊन खरेदीदार निघून जातो. नाव बदलावयाचे मग महिनोन् महिने राहते. कधी दलाल तीच गाडी कोऱ्या फॉर्मसह पुढे तिसऱ्याला विकतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळविले पाहिजे. हे न केल्यास काय होते? फेब्रुवारी २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात निकाल दिला. गाडी एकामागून एक अनेक हातांतून फिरली होती, नोंदणी मात्र पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली होती आणि अपघाताच्या वेळी विमा नव्हता. ज्याने गाडी कधीच विकून टाकली होती, त्या नोंदणीकृत मालकावरच न्यायालयाने भरपाईची जबाबदारी टाकली. आपली जुनी गाडी विकणाऱ्या सभासदांनी हे विशेष लक्षात ठेवावे. घेणाऱ्याचेही नुकसान कमी नाही. गाडी चोरीस गेली किंवा चेपली, तर विमा जुन्या मालकाच्या नावे असल्याने दावा नाकारला जातो, कारण कायद्याने आपोआप पुढे सरकते ते फक्त तृतीय पक्षाचे संरक्षण.

सरकारी शुल्क काही शेकड्यांत असते, एजंट मात्र काही हजार मागतो. ज्यांना अर्ज भरता येतो त्यांनी एजंटाशिवायच काम करावे. कॉलेजात शिकणारा मुलगा किंवा मुलगी घरात असेल तर हे काम त्यांच्याकडे द्यावे, ते सहज करतील. व्यवहारात पैसे देण्याची पद्धत अशी ठेवावी: थोडा विसार, गाडी ताब्यात घेताना मोठी रक्कम, आणि नाव बदलल्याची नोंद दिसल्यावर शेवटचे दहा-पंधरा हजार. हे सर्व साध्या करारपत्रावर लिहावे, त्यात गाडी ताब्यात घेतल्याची तारीख आणि वेळसुद्धा घालावी. त्या वेळेपूर्वीची चलने जुन्या मालकाची, नंतरची आपली. रक्कम बँकेमार्फतच द्यावी.

मालक वारलेला असेल आणि त्याचे कुटुंबीय गाडी विकत असतील, तर अधिक सावध राहावे. अशा गाड्या बहुधा नीट जपलेल्या असतात व वाजवी किमतीत मिळतात. पण मृत व्यक्तीच्या नावाच्या फॉर्मवर कुणी सही करून दिली तर तो गुन्हा होतो. आधी नमुना ३१ प्रमाणे गाडी वारसाच्या नावावर व्हावी लागते. पत्नीला किंवा मुलांना या कामात आपण मदत करावी आणि नंतरच गाडी घ्यावी. दोघांचेही भले होते.

दुकानदाराकडून गाडी घेणार असाल, तर १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांप्रमाणे जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला नोंदणी कार्यालयाचे अधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी त्याच्या ताब्यात आल्याची नोंद करावी लागते. ते अधिकारपत्र दाखवा, असे निःसंकोच म्हणावे. गाडी पूर्वी पिवळ्या पाटीची होती काय, हेही विचारावे. टॅक्सी म्हणून दोन-अडीच लाख किलोमीटर धावलेली गाडी रंग देऊन खाजगी म्हणून विकली जाते. त्याच्या उलटही सांगतो: पांढऱ्या पाटीची गाडी घेऊन भाडे मारावे, असा विचार कोणी तरुण करीत असेल तर तो बेकायदेशीर आहे.

आता प्रत्यक्ष गाडी. सकाळी, उजेडात पाहावी आणि मालकाला आदल्या दिवशी सांगून ठेवावे की इंजिन चालू करू नका. गेल्यावर प्रथम बोनेटवर हात ठेवावा. ते गरम लागले तर काहीतरी लपवावयाचे आहे असे समजावयास हरकत नाही, कारण थंड इंजिन सुरू होताना जे बोलते ते गरम झाल्यावर बोलत नाही. पहिल्या सेल्फला गाडी लागली पाहिजे. धुराड्याच्या मागे एकाला उभे करावे. थंडीत थोडी पांढरी वाफ येणे स्वाभाविक आहे. निळसर धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे आणि इंजिनाचे काम जवळ आले आहे. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर शीतजल इंजिनात शिरते आहे, ती गाडी सोडून द्यावी. ऑइलचे झाकण उघडून आतून पाहावे. ताकासारखा फेस दिसला तर तोच रोग.

दहा-बारा किलोमीटर गाडी चालवून पाहावी, एखादा चढही घ्यावा. स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू चालविताना पुढच्या चाकांतून ‘कट्-कट्’ आवाज आला तर ॲक्सलचे सांधे गेले. सरळ रस्त्यावर ब्रेक दाबताच गाडी एका बाजूला ओढत असेल तर तेही काम निघाले. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, असे झाले तर क्लच प्लेट संपली. यातील कोणतीही गोष्ट गाडी नाकारण्याचे कारण नव्हे. किंमत कमी करण्याचे मात्र आहे. मेकॅनिकला विचारून खर्चाचा आकडा घ्यावा आणि तेवढा किमतीतून वळता करावा.

नाकारावयाच्या गाड्या दोन प्रकारच्या: मोठा अपघात झालेली आणि पाण्यात बुडालेली. अपघाताची खूण दारात किंवा बंपरवर शोधू नये, ते बदलले जातात. बोनेट उघडून दोन्ही बाजूंचे पत्र्याचे जोड पाहावेत. कंपनीचे वेल्डिंगचे ठिपके एकसारखे असतात, गॅरेजातले नसतात. बोल्टांवरचा रंग उडालेला असेल तर ते उघडले गेले आहेत. दरवाज्यांचे रबर ओढून खांबांचा पत्राही पाहावा. बुडालेल्या गाड्या २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पुरानंतर सर्वांना कळल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडलाही असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून, नवी कव्हरे घालून विकावयास येते आणि पुढे वर्षभर तिची विजेची दुखणी संपत नाहीत. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, आतल्या टोकाला गाळाची रेघ दिसते. सीटखालच्या पट्ट्यांवर गंज, डिक्कीत स्टेपनीखाली माती, दिव्यांच्या आत धुके आणि काचा बंद ठेवल्यावर येणारा कुबट वास, यांतील दोन खुणा जरी दिसल्या तरी नमस्कार करून परत यावे.

किलोमीटरच्या आकड्यावर फार विश्वास ठेवू नये. तो मागे फिरविता येतो. सर्व्हिसची बिले मागावीत, त्यांवर तारीख आणि किलोमीटर छापलेले असतात. आकडा ४० हजार आणि ब्रेक पेडलचे रबर झिजून गुळगुळीत, स्टिअरिंगची कातडी निघालेली, असे असेल तर पेडल खरे बोलते. टायरवर चार अंकी आकडा असतो: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांचा टायर वरून जाड दिसला तरी बदलावयाचाच. आणखी एक नवी बाब म्हणजे पंपांवर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल सर्वत्र मिळते आणि एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या त्यासाठी बनविलेल्या नव्हत्या. जुन्या गाडीतील इंधनाच्या रबरी नळ्यांना भेगा आहेत काय, हे मेकॅनिककडून पाहून घ्यावे.

मेकॅनिकला पाचशे-हजार रुपये देऊन सोबत न्यावेच. तो आपला असावा, विकणाऱ्याने सुचविलेला नको. किंमत ठरविताना नव्या गाडीची आजची किंमत समोर ठेवावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान गाड्यांवरील कर १८ टक्क्यांवर आल्याने नव्या गाड्या स्वस्त झाल्या आहेत. चार वर्षे वापरलेल्या गाडीला कोणी त्याआधीचा भाव सांगत असेल तर तो ऐकून घेण्याची गरज नाही.

गाडी घरी आली की विमा कंपनीला १४ दिवसांत हस्तांतरणाचे कळवून पॉलिसी आपल्या नावे करून घ्यावी. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो फरक भरावा लागतो. टायमिंग बेल्ट केव्हा बदलला याचे बिल नसेल तर तो बदललेलाच नाही असे धरून चालावे, आणि इंजिन ऑइल, शीतजल, ब्रेक ऑइल व तिन्ही फिल्टर एकदमच नवे घालावेत. काचेवरचा जुना फास्टॅग काढून मालकाला तो बंद करावयास सांगावे व आपल्या नावाचा नवा घ्यावा.